रोटरी, टर्बो आणि पुण्यातली थंडी

काकांची माझदा आरएक्स-७, रोटरी इंजिनची स्पोर्ट्स कार, शेवटी नीट ट्यून झाली. दोन वर्षं गेली, एक इंजिन गेलं, आणि मधे घरात जे काही झालं ते वेगळंच. सगळं लिहून ठेवतोय कारण पुण्यात रोटरीबद्दल मराठीत बोलायला माणूस सापडत नाही, आणि ज्याच्याकडे कुठलीही टर्बो पेट्रोल गाडी आहे त्यालाही यातलं बरंच कामाला येईल.

गाडी १९९३ ची, एफडी, म्हणजे आरएक्स-७ ची तिसरी पिढी. काका जपानला नोकरीला होते, परत येताना सामानासोबत ती आणली आणि तेव्हापासून ती कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमधे कव्हरखाली असते, रविवारी बाहेर निघते. काकांची एक वही आहे. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, किती लिटर, ऑइल किती टाकलं, सगळं त्यात. आता चौथी वही चालू आहे. त्यामुळे ही गाडी माझ्या हातात दिली तेव्हा ती नुसती चावी नव्हती हे मला माहीत होतं.

इंजिन १३बी, दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे टोटल १३०८ सीसी, एवढ्यात आपल्याकडे साधी हॅचबॅक चालते आणि हिला कंपनीतूनच २५५ पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) आणि एकामागून एक लागणारे दोन टर्बो. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, एक त्रिकोणी रोटर फिरत राहतो आणि त्याच्या तीन टोकांना तीन पट्ट्या असतात, त्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात. पिस्टन रिंगचं काम त्याच करतात. जाडी दोन मिलिमीटर. सगळं कॉम्प्रेशन, सगळा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, त्या दोन मिलिमीटरच्या भरवशावर. पिस्टनचं इंजिन थोडं नॉक झालं, म्हणजे आत पेट्रोल वेळेआधी भडकलं, तर खडखड करून तुम्हाला सांगतं, तुम्ही पाय काढता, विषय संपतो. रोटरीत बूस्टमधे जोरात नॉक झालं की सील तुटू शकते, आणि तुटलेला तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो तो थेट टर्बोच्या पंख्यावर. म्हणजे एका सेकंदात इंजिन आणि टर्बो दोन्ही.

आमचं तेच झालं.

पहिल्यांदा गाडी इथल्याच एका गॅरेजला दिली होती, नाव घेत नाही. मे महिना, दुपार, चाळीसच्या आसपास तापमान. त्यांनी सायलेन्सरची पूर्ण लाइन मोठी केली, कॅट (धूर साफ करणारे कन्व्हर्टर) काढले, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर बदलला, नवीन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बसवला आणि एका संध्याकाळी डायनोवर, म्हणजे जागच्या जागी चाकं फिरवून पॉवर मोजायच्या मशीनवर, चार-पाच रन मारून "झालं साहेब" म्हणून चावी दिली. गाडी पळत होती, खोटं कशाला बोलू. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग जानेवारीत एका रविवारी पहाटे साडेपाचला काका आणि मी साताऱ्याला निघालो, खेड शिवापूरच्या पुढे रस्ता मोकळा, काच खाली केली तर कान गार पडत होते इतकी थंडी. तिसऱ्या गिअरमधे पूर्ण दाबली. बूस्टचा काटा नेहमी ०.८ बारला थांबायचा तो थांबला नाही, वर चढत गेला, १.१ पर्यंत मी बघितला. मग एक बारीक आवाज. टक्. कोणी काचेवर खडा मारावा इतकाच. आणि गाडीतला जोर गेला. बाजूला घेतली तर आयडलला फक्-फक्-फक् करून हलायला लागली आणि बंद पडली. काका काही बोलले नाहीत. खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि टो गाडी येईपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.

कारण नंतर कळलं आणि ते कळल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही, कारण ते अगदी साधं होतं. टर्बोचा वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारं दार. एफडीत ते दार लहान आहे. मागची लाइन मोकळी केली की टर्बोतून गॅस इतका पटकन निघतो की दार पूर्ण उघडं असूनही बूस्ट रोखता येत नाही, तो वर सरकत राहतो. मे महिन्याच्या गरम पातळ हवेत तो ०.८ ला थांबत होता म्हणून कोणाला दिसलं नाही. जानेवारीच्या पहाटे हवा दाट, आणि दाट हवेत तोच बूस्ट वर गेला. बरं, ईसीयूतला मॅप म्हणजे काय तर एक तक्ता, आमच्या ईसीयूत वीस बाय वीस, चारशे चौकटी, आडवे आरपीएम आणि उभा हवेचा दाब, प्रत्येक चौकटीत किती पेट्रोल आणि किती टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी. त्यांनी डायनोवर गाडी जिथे जिथे गेली तेवढ्याच चौकटी भरल्या. त्याच्या वरच्या ओळींमधे खालच्या ओळीचेच आकडे कॉपी करून ठेवलेले. गाडी त्या ओळींमधे पहिल्यांदा गेली ती त्या पहाटे, आणि तिथे हवा जास्त, पेट्रोल कमी, टायमिंग पुढे. बूस्टची लिमिट पण सेट केलेली नव्हती.

ती तुटलेली सील मी टेबलावर ठेवलीये. बोटाएवढ्या लांबीची काळी पट्टी, एका कोपऱ्यातून दाताने तोडल्यासारखी. कोपरा सापडला नाही, पण टर्बोच्या पंख्याच्या पात्यांवर त्याच्या खुणा होत्या.

रिबिल्डचं जास्त लिहीत नाही. पार्ट जपानहून, कस्टम ड्युटी, सात महिने. जमवलेलं इंजिन बूस्ट न देता पंधराशे किलोमीटर चालवलं आणि काकांनी ते पंधराशे वहीत चिमटीत धरल्यासारखे मोजले.

मग ट्यूनर. हा माणूस कोल्हापूरचा, रेसिंगच्या गाड्यांवर बरीच वर्षं काम केलेला, मित्राच्या ओळखीने भेटला. फोनवर मी पहिलंच वाक्य टाकलं की दादा, किती पॉवर निघेल? तो म्हणाला, "भावा, आदी इंजिन काय म्हणतंय ते बघू की. लॅपटॉप नंतर काढू." दोन दिवसासाठी आला आणि पहिला अख्खा दिवस त्याने लॅपटॉप खरंच उघडला नाही. मला वाटतं ट्यूनिंग तिथेच अर्धं झालं.

आधी कॉम्प्रेशन. रोटरीला साधा गेज चालत नाही, कारण एका रोटरला तीन तोंडं, साधा गेज तिघातलं सगळ्यात चांगलं दाखवतो आणि खराब लपतं. त्याच्याकडे वेगळा टेस्टर होता, तिन्ही आकडे वेगळे येतात. पुढचा रोटर ७.६, ७.५, ७.६, मागचा ७.४, ७.५, ७.४. आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत, तेच बघायचं असतं. मग इनटेकमधे धूर भरून लीक शोधले, तीन सापडले, तीस वर्षं जुन्या व्हॅक्यूम पाइपा कडक होऊन चिरलेल्या (एफडीच्या इनटेकखाली या पाइपांचं जंगल आहे, दोन टर्बोंची अदलाबदल त्यांच्यावरच चालते, सगळ्या सिलिकॉनच्या टाकून घ्या). इंजेक्टर काढून साफ आणि प्रत्येकाचा फ्लो मोजून. प्लग नवे. पेट्रोलचं प्रेशर बूस्टबरोबर वाढतंय का. लॅपटॉपवर जे टायमिंग दिसेल ते पुलीवर टायमिंग लाइटने जुळतंय का, कारण तिथेच फरक असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. आणि वेस्टगेटचं भोक आतून मोठं करून घेतलं, बूस्ट सरकण्याचं मूळ तिथेच मारलं.

संध्याकाळी चहा पिताना त्याने विचारलं, पेट्रोल कुठलं टाकणार? मी म्हटलं १०० ऑक्टेन, ज्यात नॉक लवकर होत नाही, पुण्यात मिळतं. "आणि कोकणात गेलास, रात्री टाकी रिकामी, तिथं नसलं तर?" मला उत्तर नव्हतं. आता साधं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल, त्याला त्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं, म्हणजे जुन्या मॅपवर गाडी आपोआप लीन, पेट्रोल कमी पडणारी. म्हणून त्याने दोन मॅप ठरवले. एक १०० ऑक्टेनचा, एक साध्या पेट्रोलचा, दुसऱ्यात बूस्ट फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, म्हणजे सगळ्यात कमी. शिवाय टाकीत लिटरला पाच मिली टू-टी ऑइल, सील वंगणात राहायला. पंपावरची मुलं वळून बघतात, पण ज्या शहराने बजाजच्या स्कूटरी चालवल्या त्याला टू-टी नवीन नाही, काकांना तर तो वास आवडतो.

दुसऱ्या दिवशी डायनो, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. चौथा गिअर. प्रत्येक रननंतर दहा मिनिटं थांबायचं, मोठे पंखे लावून इनटेकचं तापमान खाली येऊ द्यायचं. कानाला हेडफोन, त्याची वायर इंजिनला लावलेल्या मायक्रोफोनला, आणि नजर वाइडबँडवर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर. रोटरीत प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक आधी पेटतो, दुसरा मागून, कारण जळायची जागा लांब आणि चपटी, एका प्लगने आग सगळीकडे वेळेत पोचत नाही. बूस्टमधे दुसरा प्लग दहा-बारा डिग्री मागे ठेवला. मिश्रण ११ च्या आसपास, म्हणजे एक भाग पेट्रोलला अकरा भाग हवा, मुद्दाम जाडच. एकदा हेडफोनमधे त्याला काहीतरी ऐकू आलं, मला तर नुसता गोंगाट, त्याने ५२०० आरपीएमच्या तीन चौकटींमधलं टायमिंग दीड डिग्री मागे घेतलं, परत रन मारला, मान हलवली, पुढे.

०.७५ बारला चाकावर २६१ हॉर्सपॉवर आले आणि त्याने तिथे थांबवलं. डायनोवाला म्हणाला अजून पन्नास आरामात निघतील. निघालेही असते. दादा काही बोलला नाही, खुर्ची ओढली आणि पुढचे दोन तास जे केलं ते बघायला डायनोवाला थांबलाच नाही. गाडी जिथे कधी जाणार नाही अशा वरच्या सगळ्या ओळी त्याने एक एक करून भरल्या. पेट्रोल वाढवत, टायमिंग मागे घेत. कोकणात घाट उतरून समुद्राला गेलं की पुण्यापेक्षा हवेचा दाब सहा-सात टक्के जास्त, तेव्हा तोच बूस्ट तक्त्यात वर सरकतो, त्याचा हिशोब. इनटेकची हवा ५० डिग्रीच्या वर गेली तर टायमिंग आपोआप किती कमी व्हायचं, त्याचा हिशोब. ०.९ बारला इंधन कट. काका शेजारी स्टुलावर बसून एकेक चौकट बघत होते आणि मधेच म्हणाले, "हे तर माझ्या वहीसारखंच आहे." दादा हसला, म्हणाला, "व्हय काका, फक्त उद्याची वही आज लिवतोय."

ट्यूनिंगचे त्याने जितके पैसे घेतले ते मी मागच्या गॅरेजला दिले त्याच्या दुप्पट होते, आणि मी ते आनंदाने दिले. कोणी विचारलं तर मी आता फक्त एवढंच सांगतो की ट्यूनरला पॉवर विचारू नका, वरच्या ओळींमधे काय भरणार ते विचारा. ज्याला प्रश्नच कळला नाही त्याच्याकडे गाडी सोडू नका, मग ती रोटरी असो नाहीतर आजची कुठलीही टर्बो हॅचबॅक.

गेल्या रविवारी पुन्हा निघालो. मुद्दाम जानेवारी, मुद्दाम पहाट, मुद्दाम तोच रस्ता. गाडीतल्या डिस्प्लेवर बाहेरची हवा ११ डिग्री. खेड शिवापूर गेलं, रस्ता मोकळा झाला, काकांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि मान हलवली. तिसरा गिअर, पूर्ण. पहिला टर्बो, साडेचार हजारला तो छोटासा गचका आणि दुसरा लागला, काटा ०.७५ ला गेला, ०.७८ ला गेला आणि तिथे थांबला. तिथेच थांबला. मी पाय काढला तेव्हा मला कळलं की मी श्वास धरून होतो.

साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथून ईसीयूने नोंदवलेले आकडे, म्हणजे लॉग, कोल्हापूरला दादाला पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं. "बरं हाय. ऑइल बघितलंस का?"

काकांनी आधीच डिपस्टिक काढली होती, रुमालाने पुसून वहीत आकडा लिहीत होते.