दोन रेघांमधली चढण

शनिवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही. नकाशावर आमची चढण नाही, एवढंच कारण.

आज दोन्ही जुनी टोपोशीट्स, म्हणजे सर्वेचे नकाशे, जेवणाच्या टेबलावर जोडून मांडली. नाशिक नेमकं २० अंशांच्या अक्षांशावर, त्यामुळे गोदेचं वरचं खोरं दोन शीटांत तुटतं: त्र्यंबक ४७ ई मध्ये, गंगापूर ४६ एच मध्ये. इंचाला मैल. आमचं गाव सापडलं, पाचसहा तांबडे ठिपके. नंतरच्या शीटवर तिथे नुसतं निळं. १९६५ साली गंगापूरचं धरण पुरं झालं, ते काय आज कळलं नाही. नळाला तेच पाणी येतं, मीही तेच पिते.

आईने विचारलं, "गंगा कुठली यात?" गोदेची रेघ दाखवली. मग म्हणाली, "आणि चढण?"

चढण नाहीच. एका कंटूरपासून, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघेपासून, दुसऱ्यापर्यंत पन्नास फूट. नदीपासून घरापर्यंतची आमची दरड तीन परस, म्हणजे तीन माणसं उंच, ती नेमकी दोन रेघांच्या मधे सापडली. तिथे कोरा कागद.

मला एकदम भरूनच आलं. आपलं सगळं असंच, कुणाच्या मापात न बसणारं. धरणाने नेलं ते नेलं, पण त्याच्याही आधी कुणीतरी पट्टी घेऊन तिथे उभा होता. त्याच वाटेने चढला असेल, धाप लागली असेल. तरी रेघ नाही. दादाला फोटो पाठवला, त्याने बघितला. उत्तर नाही. असो.

भांडी घासताना वाटलं, त्या माणसाने तरी काय करावं? अख्खा मुलूख मोजायचा, आणि इंचाला मैल. तीन परसांसाठी रेघ आणायची कुठून? विहीर आहे, देऊळ आहे, पायवाटेची तुटक रेघही आहे. त्याने टाकलं नाही काही. जेवढं मावलं तेवढं घेतलं.

परत आले तर आई चष्मा लावून वाकलेली. बोट निळ्या रेघेवर. ते ज्वारीच्या दाण्याएवढं वर सरकलं आणि मधेच थांबलं.

"इथं घागर या कडेवरून त्या कडेवर घ्यायची," म्हणाली. "मग वर."

टेकायला दगड होता का तिथे, की उभ्या उभ्याच? सकाळी विचारायला हवं.