आमची वाटचाल : सेफ हार्बर घेतला, तरी टेस्ट सुटत नाही

न्यू जर्सीतल्या छोट्या कंपन्यांचं पेरोल सांभाळता सांभाळता आम्ही ४०१(के) प्लॅनच्या, म्हणजे नोकरीतून निवृत्तीसाठी बचत करण्याच्या अमेरिकी योजनेच्या, कामात शिरलो. ग्राहक बहुतेक दातांचे दवाखाने आणि आयटी कन्सल्टन्सी. भारतातल्या पीएफमध्ये मालकाच्या वाट्याचा दर कायद्यानेच ठरलेला, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. इथे मालकाने स्वतःला किती आणि नोकरांना किती दिलं, हे दरवर्षी ताडून दाखवावं लागतं.

सुरुवातीचं काम म्हणजे एडीपी टेस्ट : कपात, म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या पगारातून प्लॅनमध्ये टाकलेली रक्कम, ताडून बघायची. बाकीच्या कर्मचाऱ्यांची कपात सरासरी ३ टक्के असेल, तर वरच्या पगारवाल्यांची, म्हणजे एचसीईंची, सरासरी ५ च्या पुढे जाता कामा नये. गेली तर जादा रक्कम १५ मार्चच्या आत परत करायची, नाहीतर त्या रकमेवर कंपनीला १० टक्के कर बसतो. चूक बहुधा एचसीईच्या यादीतच असते. २०२५ साठी २०२४ चा पगार १,५५,००० डॉलरच्या वर, किंवा मालकी ५ टक्क्यांहून जास्त, असा निकष आहे. पण मालकाचे पती-पत्नी, मुलं, आईवडीलही त्यात धरतात. दवाखान्यात अर्धवेळ हिशेब बघणारी बायको ३०,००० डॉलर घेत असली तरी ती एचसीईच.

१९९९ पासून सेफ हार्बरची, म्हणजे मालकाने ठरावीक वाटा देऊन ही टेस्ट टाळण्याची, सोय आली. सर्वांना सरसकट ३ टक्के द्या, नाहीतर मॅच, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कपातीला जोड, द्या : पगाराच्या पहिल्या ३ टक्के कपातीवर पूर्ण, पुढच्या २ टक्क्यांवर निम्मा. मग एडीपी टेस्ट माफ. मॅचचा नवा प्लॅन कॅलेंडर वर्षात १ ऑक्टोबरपर्यंत सुरू व्हायलाच हवा. ३ टक्क्यांचा निर्णय मात्र आता १ डिसेंबरपर्यंत घेता येतो. त्यानंतर आठवण झाली तर ४ टक्के मोजावे लागतात.

खरी गंमत प्रॉफिट शेअरिंग, म्हणजे कंपनीने वरून टाकलेला वाटा, जोडलं की सुरू होते. २०२५ मध्ये ३,५०,००० डॉलर पगाराच्या मालकाची स्वतःची कपात २३,५००. कपात आणि कंपनीचा वाटा मिळून ७०,००० ची मर्यादा गाठायची तर कंपनीकडून ४६,५०० यायला हवेत : सेफ हार्बरचे १०,५०० आणि प्रॉफिट शेअरिंगचे ३६,०००. दोन्ही मिळून पगाराच्या १३.२९ टक्के. क्रॉस-टेस्टिंग, म्हणजे मालकाला जास्त टक्के देऊन वयाच्या हिशेबाने ते न्याय्य असल्याचं दाखवणं, करायचं तर बाकीच्यांना याचा एक तृतीयांश किंवा ५ टक्के, यांतलं कमी असेल ते द्यावंच लागतं. इथे ते ४.४३ टक्के. ३ टक्के आधीच दिलेले असतात आणि ते यात धरले जातात, त्यामुळे वर १.४३ टक्केच पडतात. तोच मालक मॅचवर असेल तर मॅचचा एक पैसाही यात धरत नाहीत. म्हणून आम्ही प्रॉफिट शेअरिंग करणाऱ्याला मॅच घेऊ देत नाही. शिवाय हे किमान म्हणजे फक्त आत शिरायचा दरवाजा. आतली टेस्ट वयावर चालते, आणि मालकच कर्मचाऱ्यांपेक्षा तरुण असेल तर ती सहसा बसतच नाही.

फसगत होते ती मध्येच सोडून गेलेल्यांमुळे. सेफ हार्बरला ‘वर्षअखेरीस नोकरीत हवा’ किंवा ‘१,००० तास भरलेले हवेत’ अशी अट लावता येत नाही. मार्चमध्ये गेलेल्या, १८,००० डॉलर कमावलेल्या सहायिकेला ५४० मिळतात, आणि ते मिळाले म्हणूनच तिलाही ४.४३ टक्के, म्हणजे ७९७ डॉलर लागू होतात. प्रॉफिट शेअरिंगला वर्षअखेरीची अट असली तरी. उरलेले २५७ लक्षातून गेले की अख्खी टेस्ट कोसळते.

टॉप-हेवीचंही तसंच : प्लॅनमधला बहुतांश पैसा मालक-अधिकाऱ्यांचा असेल तर बाकीच्यांना किमान वाटा द्यावा लागतो. नुसती कपात आणि सेफ हार्बर असेल तर माफी. प्रॉफिट शेअरिंगचा एक डॉलर पडला की माफी गेली. ३ टक्के दिलेले असतील तर बहुधा भागतं, कारण टॉप-हेवीचं किमानही तेवढंच. मॅचच्या प्लॅनमध्ये मात्र काहीच कपात न करणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवता येत नाही.

म्हणून जानेवारीत मागवायच्या तक्त्यात जन्मतारीख, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, तास, बोनस धरून एकूण पगार असतोच. शेवटचा रकाना मालकाशी नात्याचा. तो कोरा आला की आम्ही आडनावं बघतो आणि फोन लावतो; बायकोने माहेरचं आडनाव ठेवलेलं असलं तर आडनावावरून कळत नाही.