मागितलं तेवढंच

दुपारी हाताला काम नसलं की मी खोट्या डिस्क बनवत बसतो. चारचौघांत सांगण्यासारखा छंद नाही हा. लोक शब्दकोडी सोडवतात, पडल्या पडल्या डुलकी काढतात. मी बारा ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची एक छोटी फाइल, लिहितो आणि एनबीडीकिट नावाच्या सर्व्हरच्या हवाली करतो. मग लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं, नेटवर्कच्या पलीकडे एक डिस्क आहे.

वाटतं हाही मोठाच शब्द झाला. लिनक्स विचारतो, उत्तर आलं की पुढे जातो. 1997 साली पावेल माखेक यांनी नेटवर्क ब्लॉक डिव्हाइसची (एनबीडीची) ही सोय लिहिली, तेव्हापासून व्यवहार एवढाच: अमुक जागेपासून तमुक बाइट दे. त्याआधीचा नमस्कार-चमत्कारही ठरलेला, आणि त्यातला चमत्कार अगदी अक्षरशः आहे. जोडणी झाली की सर्व्हर पहिल्यांदा आठ रोमन अक्षरं पाठवतो, एनबीडीमॅजिक. पुढे रिचर्ड जोन्स यांनी एनबीडीकिट लिहिलं. त्यात ही सगळी रीतभात सर्व्हर सांभाळतो आणि त्याला प्लगिन, म्हणजे जोडतुकडा, लिहून देणाऱ्याने फक्त उत्तरं द्यायची. ती पायथनमध्ये द्या, पर्लमध्ये द्या, रुबी, लुआ, टीसीएल, ज्याला जी प्रोग्रामिंगची भाषा येते तीत.

शहाणी माणसं पायथन घेतात. ओपन (उघड), गेट-साइझ (आकार सांग) आणि पी-रीड (वाचून दे) ही तीन फंक्शनं लिहिली की डिस्क उभी राहते. पी-राइट (लिहून ठेव) लिहिलंच नाही तर ती वाचण्यापुरती. शिवाय पायथनची स्क्रिप्ट एकदा उठली की सर्व्हर थांबेपर्यंत जागी असते, मागचं तिला आठवतं. शेलची स्क्रिप्ट दर प्रश्नाला नव्याने जन्माला येते, एक उत्तर देते आणि मरते. ओपनच्या वेळी तिने जी चिठ्ठी छापली असेल, तीच काय ती पुढच्या प्रत्येक जन्मी हातात मिळते. पी-रीड, चिठ्ठी, किती, कुठून. बस.

तरी मला शेलच आवडतं. ‘हा प्रश्न आला तर हे कर’ अशी केस नावाची यादी असते, तिच्या तळाशी ‘बाकी काहीही’साठी तारा काढून एक्झिट 2 लिहायचं, म्हणजे ‘हे मला येत नाही, तुमचं तुम्ही बघा’. एक्झिट 1 म्हणजे घोटाळा झाला. एक्झिट 3 म्हणजे ‘नाही’. ‘येत नाही’ आणि ‘नाही’ यांना वेगवेगळे आकडे देण्याचं ज्याला सुचलं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझ्या ओळखीतली निम्मी भांडणं या दोन आकड्यांच्या गल्लतीतून झालेली आहेत.

आणि थापा माराव्यात तर अशा. गेट-साइझला मी एकदा 7 एक्झाबाइट, म्हणजे अब्जावधी गीगाबाइट, लिहून दिलं. स्क्रिप्टची फाइल अर्ध्या किलोबाइटचीसुद्धा नव्हती. डिस्कची माहिती विचारणाऱ्या एनबीडीइन्फोने तो आकडा मुकाट्याने छापला. डोळ्याची पापणी लवली नाही.

आज मात्र अडकलो. सगळीकडे नुसते टिंब असलेली डिस्क करायची होती. किती हवेत ते बघायचं, तितके टिंब छापायचे, यात चुकण्यासारखं काय आहे? पण पहिल्याच प्रश्नाला सर्व्हर रुसला. 4096 बाइट मागितले होते, 4097 आले. अर्धा तास मी वजाबाक्या तपासत होतो. शेवटी कळलं, छापण्यासाठी मी प्रिंटएफ या आज्ञेऐवजी एको वापरला होता. एको बोलून झालं की सवयीने एक नवी ओळ टाकतो, आणि ती ओळही बाइटच असते. गेट-साइझमध्ये हीच शेपटी चालते, एनबीडीकिट ती छाटून घेतं. पी-रीडला चालत नाही. टिंबांच्या जागी तितकेच प्रश्नचिन्ह पाठवले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. मोज जुळली पाहिजे, माल कुठलाही असो.

एको काढला आणि प्रत्येक मागणीची नोंद दाखवणारा लॉगचा फिल्टर लावून बघत बसलो. डिस्क जोडताच सुरुवातीचे बाइट मागितले गेले, आणि थोड्याच वेळात एकदम शेवटचे. जीपीटीची, म्हणजे डिस्कचे भाग कुठे कुठे आहेत त्या तक्त्याची, दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, म्हणून तिकडेही डोकावून बघतात. शेवटचं पान आधी वाचणारी माणसं मला एरवी सोसत नाहीत. कादंबरी मागून उघडणाऱ्याला मी पुन्हा पुस्तक देत नाही. एकाच माणसाला ते माफ होतं.

आजोबांना मोतीबिंदू झाला तेव्हा पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा चौथीत होतो. आजोबा खुर्चीत बसून फर्मान सोडत: “शेवटचं पान. खालून दुसरी.” मी वाचायचो. मग, “पान तीन, उजवा कोपरा.” कधी कंटाळा आला की मी बातम्या मनानेच रचायचो. पुढाऱ्यांची भाषणं सगळ्यात सोपी, एकाचं दुसऱ्याला चालायचं. पंचाईत व्हायची ती त्यांनी “परत वाच” म्हटल्यावर. रचलेली बातमी दुसऱ्यांदा तशीच्या तशी यायला हवी ना! तिथे मी शेलच्या स्क्रिप्टसारखाच, मागचं काही आठवायचं नाही. आजोबा “हं” म्हणायचे. त्या “हं”चा अर्थ मला आजही लागलेला नाही.

निधनाच्या चौकटी ते सगळ्यात शेवटी मागत. एकदा त्यात त्यांच्या रोज फिरायला बरोबर असणाऱ्या मित्राचं नाव होतं. आदल्या संध्याकाळी दोघं तासभर कट्ट्यावर बसलेले मी पाहिले होते. मी ती चौकट सोडून पुढची वाचली.

आजोबांना अक्षरं दिसत नव्हती, पण काळ्या रेघांच्या चौकटी दिसत. त्यांनी हात पुढे करून पेपरावर एकेक चौकट बोटाने मोजली.

“पाच आहेत. तू चार वाचल्यास.”

मी पाचवी वाचली. वय तेच, वेळ तीच. नाव दुसरं घेतलं.

“हं,” आजोबा म्हणाले, आणि पायात चपला सरकवून फिरायला निघाले.