झूम आहे की, मग जवळ कशाला जायचं?

आज चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या पात्यांचं इन्स्पेक्शन, आणि वारं असलं की ड्रोन एका जागी थांबायलाच तयार नाही, पायलट म्हणाला मी पात्याजवळ नेणार नाही (बरोबरच होतं त्याचं). तर साइटवरचे साहेब म्हणतात, अहो झूम आहे की, लांबनंच काढा.

आता ह्या ड्रोनचा झूम म्हणजे डिजिटल. लेन्स जागची हलत नाही, फोटोचा मधला तुकडा कापायचा आणि सॉफ्टवेअरनं ताणून मोठा करायचा, बास. १२ मेगापिक्सेलवर ४ पट झूम केला की खरे पिक्सेल उरतात सोळावा हिस्सा, म्हणजे ०.७५ मेगापिक्सेल! बाकीचं सगळं अंदाजानं भरलेलं. स्क्रीनवर झकास मोठं दिसतंय ओ, पण पात्याच्या कडेला एक बारीक रेघ, ती तडा आहे का ऑइलचा ओघळ, छातीठोक सांगणार कोण?

दुपारनंतर वारं जरा पडलं तसं झूम बंद केला आणि अंतर निम्म्यावर आणलं, तेवढ्यानंच त्याच जागेवर चौपट पिक्सेल मिळाले. रेघ ऑइलचीच निघाली. पण टोकाजवळ पुढच्या कडेचा रंग उडून खालचं फायबर दिसतंय, ते झूमच्या फोटोत कुणाला दिसलंच नव्हतं.

रिपोर्टमध्ये ऑप्टिकल झूमचा (म्हणजे लेन्स स्वतः हलून मोठं दाखवते, तो) कॅमेरा मागितलाय. असल्या वाऱ्यात तोपण हलणारच म्हणा, शटर फास्ट ठेवावं लागेल. साहेब आधी भाडं विचारतील.