हिम-बिम नको

ताईची बाळंतपणाची तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. नावं शोधायचं काम तिने माझ्या गळ्यात घातलं, कारण शब्द उकरत बसायची खोड घरात मलाच आहे. अटी दोन होत्या: नावात हिवाळा हवा, आणि ते कोणाला दोनदा सांगावं लागू नये. तिसरी अट फोन ठेवता ठेवता आली, "आणि ते हिम-बिम नको हं." म्हणजे हिमांशू, हिमाली, हिमानी एका फटक्यात बाद. हिमानी गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. त्याचा खरा अर्थ बर्फाची रास. तीन किलोच्या बाळाला रास कशाला म्हणायचं?

आधी अमरकोश काढला, संस्कृतातला समानार्थी शब्दांचा जुना कोश. त्यात एका ओळीपुरत्या जागेत सात भावंडं दाटीवाटीने बसली आहेत: अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका. दव, धुकं, बर्फ, सगळं त्यांच्यात आलं. अवश्याय हाक मारायला अशक्य. प्रालेय मला फार आवडलं होतं, पण ताई म्हणाली, "मला प्रलय ऐकू येतोय." गंमत म्हणजे तिचा कान बरोबर होता. तो शब्द प्रलयावरूनच आलाय, विरघळून जाणं या अर्थाने. तुषारची अडचण उलटी. संस्कृतात तो हिमकण, पण मराठी कानाला पाण्याचे शिंतोडे. तुषार म्हटलं की मला तरी कारंजंच दिसतं.

इथे माझ्या लक्षात आलं, की कोशातला हिवाळा आणि कानातला हिवाळा वेगळा असतो. हेमंतचंच बघा. निम्म्या लोकांना त्यात सोनं दिसतं, कारण हेम म्हणजे सोनं. पण हेमंतातला हेम हिमाचा सख्खा भाऊ आहे. लॅटिनमधला हिवाळा 'हिएम्स' आणि रशियनमधला 'झिमा' हेही याच कुळातले. आपला 'हिवाळा'सुद्धा हिमातूनच घरंगळत आलेला. शिशिर नाव देखणं आहे, पण डिसेंबरच्या बाळाला ते जरा घाईचं. मार्गशीर्ष-पौष हेमंताचे, माघ-फाल्गुन शिशिराचे. जानेवारीच्या शेवटी जन्मणाऱ्यांनी खुशाल ठेवावं. (ताईचं मत: "एवढं कोण बघतंय?" मी बघते.)

मग जिजू म्हणाले, ख्रिसमसची नावंही बघ की. बघितली. नोएल आणि नताली दोन्ही लॅटिनच्या 'नातालिस' या शब्दातून आलेली, म्हणजे जन्माचं, जन्मासंबंधीचं. नताशा हे त्याच घराण्यातलं लाडकं रूप. नोएल कावर्ड हा इंग्लिश नाटककार १६ डिसेंबर १८९९ चा, नाताळ जवळ आला म्हणून त्याचं नाव नोएल. आणि टेनिसच्या वेडात वाढलेल्या आमच्या जिजूंना मी सांगितलं, की राफाएल नादालच्या आडनावाचा, 'नादाल'चा, कॅटलान भाषेत अर्थ नाताळ, तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले. टिफनी हे नावही सणातलंच, ६ जानेवारीच्या एपिफनीचं. मूळ ग्रीक शब्द थिओफानिया, देवाचं प्रकट होणं. त्या दिवशी जन्मलेल्या मुलींना पूर्वी ते ठेवत. आता ते ऐकून देव कोणाला आठवतो?

फारसी बोलणाऱ्यांमध्ये यल्दा हे मुलीचं नाव आहे. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र ती यल्दा, आणि शब्द मूळचा सिरियाक भाषेतला, अर्थ पुन्हा जन्मच. नताली आणि यल्दा, दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे सण, एकाच आठवड्यात येणारे आणि एकच गोष्ट सांगणारे. इथे मी जरा थांबले. बर्फाच्या नावांपेक्षा हे मला जास्त हिवाळ्याचं वाटलं. रात्र लांबत लांबत जाते आणि मग एक दिवस उलटी फिरते, ते.

बर्फाचीही आहेतच. फिनिश लुमी, वेल्श एय्रा (आपल्या इराच्या शेजारी बसेल असं), जपानी युकी. युकीची मजा अशी, की एका चिन्हाने लिहिलं तर बर्फ आणि दुसऱ्याने लिहिलं तर सुख. स्पॅनिशमध्ये निएवेस, म्हणजे सरळ 'बर्फ', तेही अनेकवचनात. पण या नावाचा सण ५ ऑगस्टला! रोममध्ये एका टेकडीवर भर उन्हाळ्यात बर्फ पडला, अशी दंतकथा त्यामागे आहे. म्हणजे हे हिवाळ्याचं नाव खरं तर उन्हाळ्यातल्या बर्फाचं. चिलीतल्या निएवेसना मात्र ऑगस्टमध्ये खरोखरच हिवाळा असतो.

शेवटी मी वर बघितलं. डिसेंबरच्या सुरुवातीला रोहिणी सूर्याच्या जवळजवळ समोरासमोर असते, म्हणून ती संध्याकाळी उगवते आणि रात्रभर आकाशात राहते. लालसर, ठळक, ओळखायला सोपी. जवळच कृत्तिकांचा झुबका. थोडी मागून येते आर्द्रा. आर्द्रा म्हणजे ओली, पावसाचं नक्षत्र. जूनमध्ये सूर्य तिच्यापाशी असतो म्हणून. पण तेव्हा ती सूर्याच्या उजेडात हरवलेली असते. तिला डोळ्यांनी बघायचं तर थंडीतच. निएवेससारखीच चुकीच्या ऋतूतली मुलगी! मी हे ताईला रात्री अकरा वाजता फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे. झोप आता."

सध्या यादीत तीन उरलीत: रोहिणी, मिहिका आणि मुलगा झाला तर नीहार. माझं मत रोहिणीला. ताईला ते जुनं वाटतं. जुनं आहेच, पण मला चालतं. मिहिकाकडे तिचा कल होता, अगदी कालपर्यंत. आज सकाळी मेसेज आला: "मिहिकाचं लाडाचं नाव मिहू होणार ना? मांजराला बोलावल्यासारखं वाटतंय."

मी नीहारचं लाडाचं नाव काय होईल ते अजून तिला सुचू दिलेलं नाही.