संत्र्याचा बुडखा आणि मातीखालचा डोळा

मोर्शी तालुक्यात इतरांच्या संत्राबागांची देखरेख करणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका बागेतून वाळलेल्या झाडाचा बुडखा काढायचा होता. मालक काकाजींनी जेसीबीवाल्याशी बोलणीही करून ठेवली होती; परंतु आंबिया बहाराची फळे तोडणीला आलेली, लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले आणि ओळीओळीतून ठिबकच्या नळ्या गेलेल्या असताना यंत्र आत घातले असते, तर शेजारची धडधाकट झाडे दुखावली असती. म्हणून हातानेच खणायचे ठरले.

पावसाळा नुकताच संपल्यामुळे जमिनीला वाफसा होता, ही मोठी सोय झाली. काळी माती ओली असली की फावडे सोडत नाही आणि उन्हाळ्यात तापून टणक झाली की तिच्यात टिकासही शिरत नाही. या दोहोंच्या मधले दिवसच अशा कामाला योग्य असतात. सोबत मामाजी होते, ज्यांचे अर्धे आयुष्य बागा लावण्यात आणि उपटण्यात गेले आहे. झाड तोडताना त्यांनी कमरेइतके खोड मुद्दाम राखले होते, कारण शेवटी बुडखा हलवण्यासाठी तेच तरफेसारखे उपयोगी पडते. जमिनीलगत खोड कापून मोकळे होणारे लोक पुढे दुप्पट खणतात, असे माझेही निरीक्षण आहे.

बुंध्यापासून हातभर अंतर सोडून आम्ही गोल चर खणला. मी सुरुवातीलाच सब्बल घालून जोर लावू लागलो, तेव्हा मामाजी म्हणाले, "जोर कायले लावता सर? पयले मुया मोकया करा, मंग बुडखा आपसूक हालते." प्रत्येक मुळाभोवतीची माती खुरप्याने काढायची, फडक्याने मूळ पुसायचे आणि मगच त्यावर कुऱ्हाड चालवायची, अशी त्यांची पद्धत होती; मातीतल्या खड्यांवर पाते पडले की धार जाते. शिवाय मूळ एकाच ठिकाणी न तोडता दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाकायचा, म्हणजे खोड हलवताना कापलेली टोके एकमेकांत अडकत नाहीत. हे काम संथ होते, पण त्यामुळेच प्रत्येक मूळ नीट पाहता आले.

धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, चढत्या बाजूची मुळे कापताना पिवळसर, ओली आणि घट्ट निघाली. याच बाजूला बुडाशी लांब काट्यांचे फुटवे आले होते आणि झाड पुन्हा धरत आहे असे समजून काकाजी वर्षभर त्यांना पाणी देत होते. वास्तविक ते फुटवे संत्र्याचे नव्हतेच. आपल्याकडील संत्र्याची कलमे बहुधा जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळे देणाऱ्या रोपावर, संत्र्याचा डोळा (फुटीची कळी) बांधून तयार करतात. वरचे संत्रा मेले तरी खालची जंबेरी जिवंत राहून फुटते आणि तिला आंबट लिंबेच येतात.

उताराच्या बाजूची मुळे मात्र तपकिरी पडून कुजली होती. बारीक मूळ चिमटीत धरून ओढले की साल मोज्यासारखी निघून येई आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा हातात राही. फायटोफ्थोरा बुरशीची ही ओळखीची खूण आहे. खोडावर डिंक ओघळू लागतो तेव्हा शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात.

दुपारनंतर खोडाला दोर बांधून ते दोन्ही बाजूंना झुलवले, खाली उरलेले जाड मूळ सब्बलीने उचलून धरले आणि ते तोडताच बुडखा आडवा झाला. तो धुतल्यावर सगळा उलगडा झाला. डोळा बांधल्याची गाठ जमिनीच्या चांगली वीतभर खाली होती. लागवडीच्या वेळी ही गाठ जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर वर असावी लागते, कारण संत्र्याची साल या रोगाला लवकर बळी पडते. येथे वर्षानुवर्षांच्या ट्रॅक्टरच्या मशागतीने बुंध्याशी माती चढत गेली होती आणि पावसाचे पाणी उताराच्या बाजूला तुंबत राहिले होते. यंत्राने हाच बुडखा मोडून ढिगावर फेकला असता, तर ही गाठ कोणी पाहिलीच नसती.

काकाजी बराच वेळ ती गाठ पाहत उभे राहिले. मग आम्ही त्याच ओळीतल्या इतर झाडांची माती हाताने बाजूला केली, तेव्हा उताराकडच्या अनेक झाडांच्या गाठी तशाच गाडलेल्या निघाल्या. त्यांतल्या दोन झाडांच्या बुंध्यावर डिंकाचे थेंबही होते.

काकाजींना बुडखा काढलेल्या खड्ड्यातच लगेच नवे कलम लावायचे होते. मी नकार दिला, कारण रोगाचे बीज मातीत टिकून राहते. काकाजी थोडे रागावले, परंतु खड्डा उन्हाळाभर तापू द्यायचा, मुळांचे सर्व तुकडे वेचून जाळायचे आणि पुढच्या पावसाळ्यात रंगपूर लिंबाच्या खुंटावरचे कलम आणायचे, यावर अखेर त्यांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी बुंध्यांभोवतीची चढलेली माती काढली. त्यानंतर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट खोडांना लावली आणि पाणी बुंध्याला शिवू नये म्हणून दुहेरी आळी केली. रोटाव्हेटर घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला काकाजींनी धुऱ्यावरूनच परत पाठवले.