नाशकात पंखा आणायला शालिमार ते रविवार कारंजा: दुपारी जाऊ नका

"वाइंडिंग गेलं साहेब, आता नवीनच घ्या." आमच्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने स्टुलावर चढायचे कष्टही न घेता खालूनच निदान केलं आणि मी ते ऐकलं. पुढची सगळी पायपीट त्या एका वाक्याची.

म्हणून घराबाहेर पडण्याआधीच सांगतो. पंखा फिरतोय पण मरगळल्यासारखा फिरतोय, किंवा काठीने ढकलल्यावर चालू होतोय, तर आधी कपॅसिटर बदलून बघा. वरच्या वाटीत लपलेला छोटासा डबा असतो, बहुतेक घरगुती पंख्यांना 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो. मला तो साठ रुपयांना मिळाला. जळक्या वाइंडिंगला वास येतो, मोटर चटका बसेल इतकी तापते. आमच्या पंख्याला यातलं काहीच नव्हतं. पण हे ज्ञान मला नवा पंखा घरी आल्यावर झालं.

तर, एप्रिलचा शेवटचा आठवडा, मंगळवार, सिडकोतल्या पवननगरहून निघालो दुपारी साडेबाराला. सिटीलिंकची शहर बस सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, व्यवस्थित गेली, बसायला जागा मिळाली. गाडी नेऊ नका. एमजी रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात पंखा घेण्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि चुकीच्या जागी लावली तर पंख्याच्या बजेटमधून ती सोडवून आणावी लागते. रामशेज किल्ला न थांबता चढता येत असेल तर पुढची पायी चाल जमेल. टोपी किंवा सुती पंचा आणि लिटरभर पाणी तुम्ही घ्यालच, हे धरून चालतो. त्याशिवाय मोजायची टेप आणि दोन मीटर सुतळी न्या. सुतळीला हसू नका, पुढे कळेल.

एमजी रोडला दोन दुकानांत भाव विचारले. इथे थांबायला हवं होतं. पण "आत मेन रोडला होलसेलमध्ये पडतं" असं शेजारच्या काकांनी सांगितलेलं डोक्यात होतं. शालिमारवरून आत शिरलो. लग्नसराईचे दिवस, मेन रोडला पाय ठेवायला जागा नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना माणूस भाव करत नाही, पंख्याखाली उभं राहायला मिळालं की "द्या हाच" म्हणतो. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या डोक्यावर त्याने तीन पंखे एकदम चालू केले.

2,150 रुपये. "कॉपर आहे, वीज वाचवणारा आहे, स्टार आहे." स्टार होता खरा, एक. सीलिंग फॅनला स्टार लेबल 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं आहे, त्यामुळे "स्टारवाला" ही काही दुकानदाराची मेहेरबानी नाही. लेबल वाचायचं ते वॅट आणि हवेच्या आकड्यासाठी. माझ्या खोक्यावर 52 वॅट होतं. म्हणजे जुन्या 75 वॅटच्या मानाने तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पण बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा साधारण 28 ते 35 वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. रोज पंधरा तास धरले तर 52 आणि 30 मधला फरक महिन्याला दहा युनिट. सगळे आकार मिळून युनिटला आठ रुपये धरले तर ऐंशी रुपये. आमच्याकडे पंखा फार तर सात महिने चालतो. बीएलडीसीला मोजलेले वरचे हजार रुपये वसूल व्हायला दोन उन्हाळे जातात. झोपायच्या खोलीत बीएलडीसी घ्या, पाहुण्यांच्या खोलीत घेऊ नका. त्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकावा लागतो, शक्यतो रिमोटवर काम. घरात म्हातारं माणूस असेल तर रिमोट हरवण्याचा खर्चही धरा.

पैसे देऊन बाहेर आलो आणि तिथून खरा घाट सुरू झाला. सीलिंग फॅनचं खोकं वजनाला फार नाही, पण ते ना खांद्यावर बसतं ना काखेत. पट्ट्या बोटांत रुततात. दहीपुलाच्या बाजूने रविवार कारंज्याकडे निघालो, एरवी दहा मिनिटांचं अंतर, मला पस्तीस लागली. समोरून ॲक्टिव्हा, मागून हातगाडी, मध्ये साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका, आणि प्रत्येकीला माझ्या खोक्याचा कोपरा लागतोय. एका मावशींनी "अरे भाऊ, घर शिफ्ट करतोय का?" असं विचारलं. अर्ध्या वाटेत पट्टी तुटली. माझ्याकडे सुतळी नव्हती. डोक्यावरच्या पंच्याने बांधलं, म्हणजे डोकं उघडं. या पट्ट्यात दुपारी एक ते चारमध्ये खोकं घेऊन चालू नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.

कारंज्यावर रिक्षावाल्याने पवननगरचे 300 सांगितले. मीटरचं नाव काढलं तर माझ्याकडे न बघता पुड्या फोडायला लागला. खोकं बघितलं की भाव वाढतो, हे लक्षात ठेवा. आधी रिक्षा ठरवा, मग खोकं दाखवा. 220 वर तुटलं. पंखा 2,150, रिक्षा 220, आणि एमजी रोडच्या पहिल्या दुकानात हाच पंखा 1,780 ला होता, बिलासकट. गणित मी रिक्षात केलं आणि मग पाणीही प्यायलो नाही, इतका राग होता.

घरी फिटिंगला आलेला पोरगा विशीतला. जुना पंखा उतरवण्याआधी त्याने सहज कपॅसिटर बदलला. पंखा असा सुटला की कॅलेंडर खिळ्यावरून खाली. "काका, हा तर ठणठणीत आहे." फिटिंगचे 200 त्याने घेतले नाहीत, शंभर घेतले. दुकानात फोन केला, तर खोकं उघडल्यावर परत घेत नाहीत.

आता केव्हा आणि कुठे. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, त्याच आठवड्यात पंखा घ्या. नवा माल आलेला असतो, दुकानदार रिकामा असतो, फिटिंगवाला दुसऱ्या दिवशी येतो. रंगपंचमीला जुन्या नाशकात चुकूनही जाऊ नका, रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडलेल्या असतात, खोक्यासकट रंगात जाल. एप्रिल-मे म्हणजे दुकानदाराचा हंगाम, तुमचा नाही. दिवाळी उलटल्यावरही भाव नरमतो, पण तेव्हा कोणालाच आठवण नसते. वेळ सकाळी अकराची, दुकानाचं शटर वर गेल्यावर लगेच. एमजी रोडला दोन दुकानं फिरा, आणि सिडकोत राहत असाल तर त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला आधी बघा. शंभर-दीडशे जास्त पडले तरी दुकानातला पोरगा घरी आणून देतो, हे मला उशिरा सुचलं.

टेप कशाला, तर छत ते पातं यांत फूटभर जागा नसेल तर पंखा आपलीच हवा घुसळत बसतो. सिडकोच्या जुन्या घरांत छत खाली, त्यामुळे रॉडची लांबी मोजून जा. चार खोल्यांच्या घराला 1200 मिलिमीटरचा पंखा सगळीकडे लागत नाही, देवघराला आणि स्वयंपाकघराला 900 पुरे. खोक्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 374 हा पंख्यांच्या मानकाचा क्रमांक बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख दुकानातच मारून घ्या, पक्कं बिल मागा. एमआरपीपेक्षा जास्त मागितलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. माझं 2,150 एमआरपीच्या आतच होतं, त्यामुळे तक्रार कसली करणार.

कूलरचा विचार असेल तर तो कोरड्या एप्रिलातच कामाचा, आणि समोरासमोर खिडकी उघडी ठेवली तरच. जूनमध्ये हवेत ओल आली की तो नुसता चिकचिक करतो.

रविवारी परत गेलो, सकाळी. दोन वाजता लागणारी गर्दी नव्हती, मिसळ खाल्ली, एमजी रोडला जाऊन आईच्या खोलीसाठी बीएलडीसी घेतला, दुकानाने पाठवून दिला. सांगण्यासारखं काही घडलं नाही. 2,150 चा पंखा अजून कपाटावर आहे. कोणाला सिडकोत हवा असेल तर 1,780 ला देतो, न्यायला स्वतः या.